आबा विसरायला लागलेत, की त्यांना दिसेनासं झालंय?

पुण्याला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील, म्हणजे आबा, ७६ वर्षांचे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात आई, भाऊ आणि वहिनींबरोबर राहतात. आयुष्यभर गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहिले. १५ वर्षांपासून मधुमेह. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ४ वर्षांपूर्वी झालंय, डावा 'अजून पिकला नाही' म्हणून तसाच ठेवलाय. गेल्या दीड वर्षात रंकाळ्यावरचं फिरणं थांबलं, तालमीच्या कट्ट्यावर जाणं थांबलं. पेपर नुसता उघडून बसतात. नातवाला पुतण्याच्या नावाने हाक मारतात, चिडचिड करतात, न्हाणीत दोनदा पडले. आणि संध्याकाळी 'परसात पोरं बसल्यात' असं सांगतात, तिथे कुणी नसतं. भाऊ म्हणतो वय झालं. वहिनींना डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची भीती वाटते. ताई विचारतात, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणजे दिसण्याचा प्रश्न नाही. मग थेट मेंदूच्या डॉक्टरांकडे नेऊन एमआरआय करू का?

ताई, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. एमआरआय थांबू शकतो. अपवाद एकच. पडताना डोक्याला मार बसला असेल आणि त्यानंतर सुस्ती, नवी डोकेदुखी, चालताना झोक जाणं, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणं यातलं काहीही सुरू झालं असेल, तर डोळे बाजूला ठेवा आणि आजच्या आज डोक्याचा सीटी स्कॅन करा. या वयात किरकोळ मार लागूनही कवटीच्या आत हळूहळू रक्त साचू शकतं आणि ते लक्षात यायला कधीकधी काही आठवडे जातात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच सावध राहा. तसं काही नसेल तर पुढचं सावकाश वाचा.

मी फिजिशियन आहे, डोळ्यांचा डॉक्टर नव्हे. माझ्याकडे वयस्क माणसं येतात ती गुडघे, साखर, झोप, चक्कर, 'हल्ली कुणाचं ऐकतच नाहीत' अशा तक्रारी घेऊन. दिसत नाही म्हणून माझ्याकडे कुणी येत नाही. तरी तपासायला बसलं की यातल्या कितीतरी तक्रारी नजरेपाशी जाऊन पोचतात. म्हातारी माणसं स्वतःहून ते सांगत नाहीत. नजर इतकी हळूहळू कमी होते की आपल्याला कमी दिसतंय हेच त्यांना कळत नाही. उजेडच कमी झालाय, पेपरची छपाईच बिघडलीय असं वाटत राहतं. आणि कळलं तरी, 'आता किती दिस ऱ्हायल्यात, कशाला पोरांच्या खिशाला भार?' हे उत्तर ठरलेलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय म्हणजे तो डोळा चांगलाच आहे, असं धरून चालू नका. ४ वर्षांत बरंच काही होऊ शकतं. बसवलेल्या भिंगाच्या मागे जो पातळ पापुद्रा ठेवतात, त्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी झापड येऊ शकते. लोकांना वाटतं मोतीबिंदू परत आला. तो परत येत नसतो. ही झापड लेसरने काही मिनिटांत, कापाकापी न करता काढता येते. दुसरी शक्यता मधुमेहाची: डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी सूज येते आणि नेमकं जिथे बघावं तिथेच पुसट होतं. तिसरी काचबिंदूची, ज्यात नजर कडेकडेने जाते, म्हणून समोरचं अक्षर वाचता येतं पण बाजूचा स्टूल दिसत नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत आणता येत नाही, उरलेली राखता येते. त्यामुळे चष्म्याच्या दुकानात नंबर काढून आणणं म्हणजे डोळ्यांची तपासणी नव्हे. बाहुली मोठी करून पडदा बघणं आणि डोळ्यातला दाब मोजणं, ही दोन्ही कामं झालीच पाहिजेत.

डाव्या डोळ्याबद्दल. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची हा जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळातला नियम होता. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेतात. ते जितकं कडक झालेलं असेल तितकं काम अवघड होतं. पिकवण्यात रुग्णाचा काहीच फायदा नाही. ऑपरेशन कधी करायचं हे मोतीबिंदूच्या वयावर नव्हे, तर त्या माणसाचं रोजचं काय अडतंय यावर ठरतं, आणि आबांचं बरंच काही अडलेलं दिसतंय. 'थंडी पडू दे, दिवाळीनंतर बघू' हेही सोडा. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाचं दोन तृतीयांश कारण, म्हणजे ६६.२ टक्के, मोतीबिंदूच निघालं. ज्यावर इलाज आहे त्याच्यामुळेच इतकी माणसं अंधारात आहेत. आणि त्या पाहणीतलं अंधत्व म्हणजे चांगल्या डोळ्यानेही ३ मीटरवरून ते न दिसणं जे चांगल्या नजरेच्या माणसाला ६० मीटरवरून दिसतं. आबांसारखी माणसं त्या आकड्यात येतच नाहीत. देवळापर्यंत जाता येईल इतकं त्यांना दिसतं, देवळाची पायरी दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मागच्या वर्षी तपासलं तेव्हा तक्त्यावरच्या बऱ्याच ओळी वाचल्या होत्या. वाचल्या असतील. तक्त्यावर काळीकुट्ट अक्षरं असतात, मागे लख्ख उजेड असतो, आणि माणूस खुर्चीत स्थिर बसलेला असतो. घरात असं काही नसतं. घरात राखाडी शहाबादी फरशीवर राखाडी उंबरा असतो, पांढऱ्या टाइल्सवर पांढरं कमोड असतं, माणूस चालत असतो आणि मागून कुणीतरी बोलत असतं. वयाबरोबर ढासळते ती जवळजवळच्या दोन छटांमधला फरक ओळखायची ताकद. तांबडा रस्सा आबांना दिसेल. पांढऱ्या वाटीतला पांढरा रस्सा कुठवर भरलाय हे दिसणार नाही, आणि तो सांडला की घरचे म्हणतात हात थरथरतोय.

दुसरी गोष्ट उजेडाची. साठीतल्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान झालेली असते, भिंग पिवळट झालेलं असतं. त्यात उन्हातून सावलीत आल्यावर नजर बसायला तरुणाला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. पेठेतल्या जुन्या घरांत दारात रणरणतं ऊन आणि आत सोप्यात अंधार असतो. दार ओलांडल्यावरची पहिली चार पावलं म्हणूनच धोक्याची. आबांना आत आल्यावर चौकटीला हात लावून थोडा वेळ उभं राहायची सवय लावा. यावर औषध नाही आणि खर्चही नाही.

घरच्या घरी एक-दोन गोष्टी बघा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. नातवाने समोर न येता दुसऱ्या खोलीतून हाक मारली, किंवा फोन केला, तर आबा त्याला बरोबर ओळखतात का? आवाजावरून ओळखत असतील आणि चेहऱ्यावरून चुकत असतील, तर दोष नावं साठवणाऱ्या मेंदूपेक्षा चेहरा न दिसण्याकडे जास्त झुकतो. दुपारी उजेडात बरे आणि दिवेलागणीला गोंधळलेले असतात का? (हे डिमेन्शियातही होतं, म्हणून नुसत्या यावरून ठरवू नका.) त्यांना तोंडी हिशेब घाला: अमुक भावाने इतके रवे गूळ, त्यातून अडत आणि हमाली वजा, हातात काय राहील? ज्या माणसाने हयात हिशेबात घालवली तो हे चटकन सांगत असेल आणि पेपरचा मथळा मात्र सांगू शकत नसेल, तर मला मेंदूपेक्षा डोळ्यांची चिंता वाटेल. उलट तोंडी हिशेबातही वाट चुकत असेल, तीच गोष्ट अर्ध्या तासात तीनदा विचारत असतील, ओळखीच्या गल्लीत भरदुपारी रस्ता हरवत असेल, तर डोळ्यांच्या बरोबरीने स्मृतीची तपासणीही लांबवू नका.

ती तपासणीसुद्धा जपून करावी लागते. स्मृतिभ्रंशासाठी जी ३० गुणांची प्रश्नावली सगळीकडे वापरतात, तिच्यात वस्तू दाखवून नाव विचारणं, लिहिलेली सूचना वाचून तसं करणं, वाक्य लिहिणं, कागद घेऊन घडी घालणं, आकृती बघून काढणं असे प्रकार आहेत. नजरेवर अवलंबून असलेले गुण ८ होतात. न दिसणाऱ्या माणसाचे ते वगळून २२ पैकी मोजायचे असतात. गर्दीच्या ओपीडीत चष्माही न लावता ही परीक्षा दिलेली माणसं मी पाहिलीत, आणि त्यांच्या फायलीवर डिमेन्शियाचा शिक्का बसलेलाही. एकदा तो बसला की घरातली वागणूक बदलते. कुणी त्या माणसाला काही विचारेनासंच होतं.

आता परसातल्या पोरांबद्दल, कारण घरात सगळ्यात जास्त भीती त्याचीच बसलेली असणार. नजर बरीच कमी झाली की मेंदू रिकाम्या जागी स्वतःच चित्रं भरतो: माणसं, पोरं, जनावरं, फुलांच्या वेलबुट्ट्या. चार्ल्स बॉने नावाच्या स्विस अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं. आजोबांची नजर मोतीबिंदूने गेली होती, डोकं शाबूत होतं, आणि त्यांना नसलेली माणसं दिसत होती. आजही या प्रकाराला बॉनेचंच नाव आहे. ही चित्रं बहुधा मुकी असतात, बोलत नाहीत, हात लावत नाहीत; आणि शांतपणे विचारलं तर माणूस सांगतो की ती खरी नाहीत हे मला माहीत आहे. आपल्याकडे एकतर हे कुणाला सांगत नाहीत, नाहीतर सांगितलं की बाहेरची बाधा ठरवून उतारे काढतात. दोन्हींत माणूस आणखी एकटा पडतो. आबांना थेट विचारा: पोरं काही बोलतात का? ती खरी वाटतात का? दिवा मोठा केला की, डोळ्यांची उघडझाप केली की जातात का? डोळ्यांपायी असं होऊ शकतं, तुम्ही वेडे झालेला नाही, एवढं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तरी निम्मी भीती उतरते. मात्र चित्रांबरोबर अंग ताठरणं, चाल अगदी बारीक पावलांची होणं, झोपेत ओरडणं-हातवारे करणं, एक दिवस चांगला तर एक दिवस पार गोंधळलेला असं असेल, तर हे प्रकरण वेगळं, म्हणजे लेवी बॉडी डिमेन्शियाचं असू शकतं. तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांकडे नक्की जा, आणि भास थांबवायची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून मध्येच सुरू करू नका. त्या विशिष्ट आजारात अशा गोळ्या फार महागात पडतात.

न्हाणीतल्या पडण्याकडे वळतो. शरीराचा तोल तीन ठिकाणच्या माहितीवर टिकतो: डोळे, कानाचा आतला भाग, आणि तळपाय-सांध्यांतून येणारी जाणीव. १५ वर्षांच्या मधुमेहात तळपायांची जाणीव बऱ्याचदा बोथट झालेली असते. म्हणजे आबा इतरांपेक्षा डोळ्यांवर जास्त टेकलेले आहेत, आणि डोळेच अधू आहेत. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोही आधार जातो, आणि खाली असते ओली फरशी. माणूस न्हाणीत पडतो तो बहुधा याच क्षणी. पाटावर बसून उठण्याऐवजी चार पायांचं, बूड रुंद असलेलं प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा, भिंतीला पक्का दांडा बसवा (टॉवेलचा दांडा नव्हे, तो वजन घेत नाही), आणि बादली फरशीपेक्षा वेगळ्या, भडक रंगाची घ्या. पायऱ्यांच्या कडेला आणि उंबऱ्याला पिवळ्या रंगाचा चार बोटं रुंद पट्टा मारा. घरातल्या बायका म्हणतील दिसायला बरं नाही. म्हणू द्यात. रात्री लघवीला जायच्या वाटेवर खाली, गुडघ्याच्या उंचीला, चाहूल लागली की लागणारे छोटे दिवे लावा. डोळ्यांवर येणारा उघडा बल्ब कामाचा नाही; त्याने नुसते डोळे दिपतात. वाचायचा दिवा खांद्यामागून, पानावर पडेल असा हवा.

चष्म्याबद्दल एक इशारा. वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेल्या चष्म्यातून पायरी उतरताना माणूस खालच्या भागातून बघतो आणि जमीन धूसर होते. फिरायला जाणाऱ्यांना मी बाहेरसाठी नुसत्या लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करायला सांगतो. आणि नंबर एकदम फार बदलू नका. सिडनीमध्ये सत्तरीपुढच्या ६१६ जणांवर झालेल्या एका चाचणीत ज्यांचे डोळे तपासून चष्मे वगैरे नवे दिले, ते नंतरच्या वर्षभरात उलट जास्त पडले. निष्कर्ष २००७ मध्ये छापून आले तेव्हा सगळेच चकित झाले. एक कारण असं सांगतात की नव्या नंबराने जमीन जवळ किंवा लांब सरकल्यासारखी भासते आणि म्हातारं शरीर ते लगेच शिकत नाही. दुसरं, बरं दिसायला लागलं की माणूस धाडसी होतो, पाय मात्र अजून तयार नसतात. याचा अर्थ चष्मा देऊ नये असा नाही. नवा चष्मा आधी घरात, बसून, मग सोबतीने, आणि आठवड्याभराने जिन्यावर.

मोतीबिंदू काढल्यावर पडणं कमी होतं का? पहिल्या डोळ्याबाबत उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला सत्तरीपुढच्या ३०६ स्त्रियांवर चाचणी झाली. काहींचं ऑपरेशन लवकर केलं, काही नेहमीच्या प्रतीक्षायादीवर राहिल्या. लवकर झालेल्यांचं पडणं वर्षभरात सुमारे एक तृतीयांशाने घटलं. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी त्याच संशोधकांना एवढा ठाम फरक दाखवता आला नाही. तरी मी दुसरा डोळा करून घ्यायच्या बाजूचा आहे. खोली कळायला दोन्ही डोळे जवळपास सारखे दिसावे लागतात, आणि एक स्वच्छ, एक धुरकट अशा जोडीने पायरी मोजणं तालमीतल्या माणसालाही जड जातं.

मनाबद्दल लोक विचारतात की नजर गेल्याने डिमेन्शिया होतो का. सरळ 'हो' म्हणणारा कुणी भेटला तर सावध राहा. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने डिमेन्शियाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली, त्यात उपचार न केलेली दृष्टीची कमतरता नव्याने घातली. त्याआधी अमेरिकेत सिएटलच्या संशोधकांनी ६५ वर्षांपुढच्या ३,०३८ जणांची माहिती तपासली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांत पुढे डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसलं, काचबिंदूच्या ऑपरेशननंतर मात्र तसं दिसलं नाही. हे निरीक्षण आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेली चाचणी नव्हे. जी माणसं मुळात धडधाकट असतात तीच ऑपरेशनला जातात, हाही भाग त्यात असणारच. माझं मत विचाराल तर डिमेन्शिया टळेल या आशेवर मी कुणाला ऑपरेशनला पाठवत नाही. आबांना पेपर वाचता येईल, नातू ओळखता येईल, एवढं कारण मला पुरतं.

खरं नुकसान होतं ते दुसऱ्याच वाटेने, आणि ते कुठल्या रिपोर्टात येत नाही. तालमीच्या कट्ट्याचंच घ्या. समोरून कुणी हात केला, आबांना दिसला नाही, तो मनात म्हणाला म्हाताऱ्याला माज आलाय. दुसऱ्या दिवशी आबांनी चुकीच्या नावाने हाक मारली, पोरं हसली. तिसऱ्या दिवशी आबा गेले नाहीत. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. एसटीचंही तसंच. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना एसटी मोफत आहे, पण गाडीची पाटी वाचता आली नाही तर फुकट तिकिटाचा उपयोग काय? कुणाला विचारायची लाज वाटते, म्हणून गडहिंग्लजच्या बहिणीकडे जाणं बंद होतं. असं एकेक सुटत जातं. बसून राहिल्याने मांड्या बारीक होतात, मांड्या बारीक झाल्या की उठताना तोल जातो, एकदा पडलं की भीती बसते, भीतीने आणखी बसणं. दिवसा उजेडात न गेल्याने रात्रीची झोप बिघडते. साखर चढते. बोलायला माणूस नाही, म्हणून बोलणं आटतं, आणि बोलणं आटलं की घरच्यांना वाटतं डोकं चालत नाही. दीड वर्षांत तुमच्या घरी बहुधा हेच झालंय.

म्हणून डोळे दुरुस्त झाले की सगळं आपोआप परत येईल, या भ्रमात राहू नका. इथेच बहुतेक घरं चुकतात. ऑपरेशन छान होतं, काळा चष्मा लावून फोटो निघतो, महिन्या-दीड महिन्याने नवा नंबर मिळतो, आणि आबा त्याच खुर्चीत बसलेले असतात. दीड वर्ष बसलेल्या पायांना पुन्हा चालायला शिकवावं लागतं. हात न टेकता खुर्चीतून पाचदा उठ-बस करायला १५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर पायांत जोर कमी आहे असं समजा. दिवसातून दोन-तीन वेळा, जमेल तेवढी, मजबूत खुर्ची भिंतीला लावून ही उठ-बस करायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोकळीक दिली की सुरू करा. पंधरा दिवस फिजिओथेरपिस्टला घरी बोलावलं तर फारच बरं. ताटात रोज डाळ, अंडं, दूध यातलं काहीतरी सकस हवं; नुसत्या भाकरी-आमटीवर मांड्या भरत नाहीत.

कट्टा परत मिळवायचा तर पहिले काही दिवस भावाने बरोबर जाऊन चारचौघांत मोकळेपणी सांगावं: 'आबांना लांबनं दिसत नाही, तुम्हीच नाव सांगून हाक मारा.' बाकी कट्ट्यावरची माणसं बघून घेतात. रंकाळ्यावर सकाळी कोवळ्या उन्हात जा, संध्याकाळी मावळतीचं ऊन पाण्यावरून थेट डोळ्यांत येतं. टोपी घाला, तिच्या कडेने बरंच भागतं.

चिडचिड आणि गप्प राहणं हे नैराश्यही असू शकतं, आणि नजर कमी झालेल्या म्हाताऱ्यांत ते भरपूर आढळतं. भूक गेलीय का, पहाटे लवकर जाग येते का, 'मी नसलेलाच बरा' असं बोलतात का, हे विचारा. शेवटचं वाक्य कानावर आलं तर थट्टेवारी नेऊ नका, त्याच आठवड्यात दाखवा. गोळ्यांनी फरक पडतो, पण ठरलेल्या वेळी ठरलेलं काम असण्यानेही पडतो. पडद्याची झीज झालेल्या रुग्णांवरच्या एका अमेरिकन चाचणीत, रोजच्या आवडीच्या कामांची आखणी करून ती पार पाडायला मदत मिळाली त्यांच्यात चार महिन्यांनी नैराश्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं होतं. आबांना घरचा किराणा-दुधाचा हिशेब परत द्या. जाड काळ्या मार्करने, मोठ्या रेघांच्या वहीत.

पडदा खराब निघाला आणि डॉक्टर म्हणाले की आता फार सुधारणा नाही, तरी 'काही होत नाही' असा अर्थ घेऊ नका. दिवा जोडलेलं भिंग, मोठ्या अंकांचा फोन, मजकूर वाचून दाखवणारी फोनमधली सोय, बोलणारं घड्याळ यांवर बरंच निभतं. गोळ्यांच्या डब्यांना रबर बँड लावा, सकाळच्याला एक, रात्रीच्याला दोन, हाताला कळतं. इन्सुलिन मात्र आबांनी एकट्याने घेऊ नये, एका अंकाची चूकही जड जाते. दोन्ही डोळ्यांची नजर चष्म्यासकट फार कमी असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. २०१६ च्या कायद्यात अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीही धरलेली आहे आणि ४० टक्क्यांपासून सवलती लागू होतात.

पैशाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात, कोल्हापुरात सीपीआरला, राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मोतीबिंदूचं ऑपरेशन भिंगासकट मोफत होतं. खासगीत महागडं भिंग घ्या असा आग्रह झाला तर एवढं लक्षात ठेवा: लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी भिंगं छटांमधला फरक ओळखायची ताकद काहीशी कमी करतात, आणि मधुमेहाने पडदा बिघडलेल्या डोळ्याला ती सहसा योग्य नसतात. साधं, एकाच अंतराचं भिंग आबांना बहुधा जास्त उपयोगी पडेल.

काही गोष्टींना तपासणीची तारीख लागत नाही, त्याच दिवशी जा. एका डोळ्यापुढे अचानक पडदा ओढल्यासारखं होणं, विजा चमकणं आणि काळे ठिपके एकदम वाढणं, डोळा लाल होऊन डोकं फुटेल असं दुखणं आणि उलट्या होणं. शेवटच्या प्रकारात लोक पित्त समजून पोटाची गोळी देतात, आणि काचबिंदूचा झटका रातोरात डोळा घेऊन जातो. आणि कशासाठीही दवाखान्यात भरती करावं लागलं तर आबांचा चष्मा आणि कानाचं यंत्र असल्यास ते, उशाशी राहू द्या. भरती म्हाताऱ्यांना रात्री जे अचानक भ्रमिष्टासारखं होतं, ते अशा साध्या काळजीने कमी होतं हे १९९९ मध्येच अमेरिकेत ८५२ रुग्णांवर दाखवलं गेलंय.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या: आधीच्या ऑपरेशनचं भिंगाचं कार्ड, अलीकडची तीन महिन्यांची सरासरी साखर, सध्याचे सगळे चष्मे आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या. लघवीला धार येत नाही म्हणून प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर ती मुद्दाम दाखवा. काही गोळ्यांनी ऑपरेशनच्या वेळी बाहुली ढिली पडते. सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीने बसतो. स्वतःहून बंद मात्र करू नका. सकाळची वेळ घ्या आणि रिक्षाने जा. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास सगळं भगभगीत आणि धूसर दिसतं, त्या अवस्थेत दुचाकीवर मागे बसवून आणू नका. त्याच आठवड्यात रक्तातलं बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी निघण्याची शक्यता चांगलीच असते, आणि त्याने विसरही पडतो, तळपायही बधिर होतात. डोळ्यांचं काम उरकून नवा नंबर मिळाल्यावर दोन-तीन महिने वर सांगितलेलं सगळं करून बघा. त्यानंतरही नावं चुकत राहिली, तोंडी हिशेब अडत राहिला, तर स्मृतीची पूर्ण तपासणी करू. तेव्हा एमआरआय लागला तर मी स्वतःच लिहून देईन.